‘एक-एक म्हणा’: छातीतून ऐकू येणारा आपलाच आवाज

खोकला, ताप आणि धाप घेऊन आलेल्या माणसाला डॉक्टर आधी लांब श्वास घ्यायला लावतात. मग पाठीवरचा स्टेथोस्कोप न काढताच सांगतात, "आता ‘एक, एक, एक’ म्हणत राहा." स्टेथोस्कोप डावीकडून उजवीकडे, वरून खाली सरकत राहतो आणि पेशंट इमानेइतबारे एक-एक म्हणत बसतो. घसा पुढे आहे आणि हे मागून काय ऐकतायत, असा प्रश्न पुष्कळांना पडतो, पण विचारायचं राहून जातं.

त्या वेळी डॉक्टरांना तुमच्या घशाशी काही देणंघेणं नसतं. आवाज घशातल्या स्वरतंतूंपाशी तयार होतो. त्यातला बराचसा तोंडावाटे बाहेर जातो, पण थोडा उलट दिशेनं श्वासनलिकेतून खाली उतरतो, तिच्या फांद्यांमधून फुफ्फुसात शिरतो आणि शेवटी छातीच्या भिंतीपर्यंत पोचतो. वाटेत हवा आहे, पाणी आहे की फुफ्फुसच घट्ट झालंय, त्याप्रमाणे आवाज बदलतो. तेवढाच बदल डॉक्टरांना टिपायचा असतो. या तपासणीला व्होकल रेझोनन्स म्हणतात. केसपेपरवर नुसतं ‘व्हीआर’ लिहून पुढे वाढलाय की घटलाय याचा बाण काढलेला असतो.

फुफ्फुस निरोगी असेल तर स्टेथोस्कोपमधून काय ऐकू येतं? शेजारच्या खोलीत कुणी बोलत असावं, तसं. माणूस बोलतोय हे कळतं, आवाज जाडा की बारीक हेही कळतं, पण शब्द लागत नाहीत. ‘एक’ म्हटलेलं नुसतं ‘हूं… हूं…’ असं घुमतं. नवख्या विद्यार्थ्याला वाटतं आपलाच स्टेथोस्कोप खराब आहे. पण निरोगी छातीत असंच ऐकू यायला हवं. शब्द स्वच्छ ऐकू आले, तर काळजीचं कारण.

हे असं का होतं ते आपल्या अंगावरच थोडंफार करून बघता येतं. तळहात गळपट्टीच्या हाडाखाली छातीवर टेकवा आणि अगदी खालच्या पट्टीत लांब ‘आऽऽ’ म्हणा. हाताला थरथर लागेल. आता तोच स्वर जमेल तितक्या वरच्या पट्टीत न्या. थरथर बरीच कमी होते, काहींना जवळजवळ लागतच नाही. आणि शेवटी तेच कुजबुजत म्हणा. हाताला काहीच कळणार नाही. जाडा आवाज छातीतून पार होतो, बारीक आवाज वाटेत अडकतो, आणि कुजबुजीत तर स्वरतंतू कंप पावतच नाहीत. नुसत्या हवेच्या घर्षणाची ती सळसळ असते. सगळी तपासणी या तीन गोष्टींवर उभी आहे.

बारीक आवाज का अडकतो, हा यातला सगळ्यात गमतीचा भाग आहे. आपण फुफ्फुसाला हवेनं भरलेला अवयव म्हणतो, पण आवाजाच्या दृष्टीनं तो फेस आहे. कित्येक कोटी वायुकोश, प्रत्येकात हवेचा बुडबुडा आणि भोवती पातळ, ओली, रक्तानं भरलेली भिंत. हवेत आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो, पाण्यात साधारण 1500 मीटर. मग हवा आणि पाणी यांच्या मिश्रणात वेग या दोन्हींच्या मधला असावा, असं कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात फुफ्फुसात तो दोन्हींपेक्षा कितीतरी कमी निघतो, सेकंदाला शंभर मीटरच्याही आत. फेस दाबायला हवेसारखा मऊ असतो, पण हलवायला ओल्या भिंतींचं वजन वाहावं लागतं, म्हणून आवाज त्यातून रखडत जातो. शिवाय प्रत्येक बुडबुड्याच्या सीमेवर थोडी ऊर्जा परत फिरते, थोडी विरते. जितकी कंपनं जलद, तितकी ही गळती जास्त. त्यामुळे साधारण 200 ते 300 हर्ट्झच्या (म्हणजे सेकंदाला तितक्या कंपनांच्या) खालचे जाडे सूर बऱ्यापैकी पार होतात आणि त्यावरचे झपाट्यानं क्षीण होत जातात.

पुरुषाच्या बोलण्याचा मूळ सूर शंभर-सव्वाशे हर्ट्झच्या आसपास असतो, बाईचा दोनशेच्या आसपास, मुलांचा त्याहून वर. हा मूळ सूर कसाबसा छातीपार होतो. पण शब्दाला शब्दपण देणारे भाग, म्हणजे ‘ए’ आणि ‘ओ’मधला फरक, ‘क’चा फटका, ‘स’ची शीळ, हे सगळे कितीतरी वरच्या कंपनांत असतात. फेस नेमके तेच गाळून टाकतो. उरतो तो सूर, शब्द जातो.

आता समजा न्यूमोनिया झाला. फुफ्फुसाच्या एका भागातल्या वायुकोशांमध्ये हवेऐवजी पू, पेशी आणि द्रव भरला. तेवढा भाग फेस राहिला नाही. यकृतासारखा भरीव झाला. त्याच्याकडे येणारी श्वासनलिका मात्र उघडी आहे. आवाज नलिकेतून तिथवर येतो आणि पुढे अडवायला बुडबुडेच नसतात. वरची कंपनंही बऱ्याच अंशी पार होतात. स्टेथोस्कोप त्या जागेवर आला की घुमणारं ‘हूं’ एकदम ‘एक’ होतं, जवळून, स्पष्ट आणि मोठ्यानं. याला ब्रॉन्कोफोनी म्हणतात.

कुजबुजीची परीक्षा याच तत्त्वावर चालते, फक्त जास्त चोख आहे. पेशंटला म्हणायचं, आवाज न काढता, नुसतं कुजबुजत ‘एक, दोन, तीन’ म्हणा. कुजबुजीत जाडा सूर नसतोच, त्यामुळे निरोगी फुफ्फुसातून पार व्हायला काही शिल्लकच राहत नाही. फार तर अस्पष्ट सळसळ. पण फुफ्फुसाचा भाग भरीव झाला असेल, तर तिथं ते ‘एक, दोन, तीन’ कुणी कानात सांगावं इतकं स्वच्छ ऐकू येतं. या खुणेला व्हिस्परिंग पेक्टोरिलोक्वी असं जडजंबाळ नाव आहे. माझ्या मते आवाजाच्या खुणांमध्ये शिकणाऱ्याला पटकन पटावी अशी हीच एक आहे. मोठ्यानं बोललेलं ‘थोडं वाढलंय की मलाच वाटतंय’ असा घोळ होतो. कुजबुज ऐकू आली तर आली, नाही तर नाही.

तिसरी खूण विचित्र आहे. पेशंटला लांब ‘ईऽऽ’ म्हणायला सांगायचं. छातीवरच्या ठरावीक जागी तो ‘ई’ ऐकणाऱ्याला ‘एऽऽ’ असा, नाकातून आल्यासारखा, शेळीच्या बेंबाटण्यासारखा कापरा ऐकू येतो. म्हणून हिला इगोफोनी, म्हणजे शेळीचा आवाज, असं नाव पडलं. पेशंट शुद्ध ‘ई’च म्हणत असतो. मग बदल कुठून आला? ‘ई’ या स्वरात दोन ठिकाणी जोर असतो, एक खाली साधारण 300 हर्ट्झपाशी आणि दुसरा थेट 2000 हर्ट्झच्या वर. मधला पट्टा जवळजवळ रिकामा असतो, आणि त्या रिकाम्या जागेमुळेच तो ‘ई’ वाटतो. भरीव किंवा दाबल्या गेलेल्या फुफ्फुसातून मधल्या पट्ट्यातली कंपनं निरोगी फुफ्फुसापेक्षा कितीतरी चांगली पार होतात. अगदी वरची 2000 पलीकडची मात्र तिथंही अडकतातच. म्हणजे ‘ई’चा धारदार वरचा भाग गेला आणि रिकामा मध्य भरून निघाला. अशा मिश्रणाला आपला कान ‘ए’ म्हणून ओळखतो.

इथवर आपण आवाज वाढण्याबद्दल बोललो. तो घटतोही, आणि तितकाच महत्त्वाचा आहे. आपण ज्याला ‘छातीत पाणी झालं’ म्हणतो, ते पाणी फुफ्फुसाच्या आत नसतं. फुफ्फुसाभोवती दुपदरी पातळ आवरण असतं, त्या दोन पदरांच्या मध्ये ते साठतं. फुफ्फुस आत ढकललं जातं आणि छातीच्या भिंतीपासून दूर जातं. आवाजाला आता फुफ्फुसातून पाण्यात, पाण्यातून भिंतीत अशा उड्या माराव्या लागतात, आणि वाटेत बराचसा आवाज मागे फिरतो. परिणामी त्या जागी ‘एक-एक’ जवळजवळ ऐकूच येत नाही. न्यूमोथोरॅक्समध्ये, म्हणजे त्याच पोकळीत पाण्याऐवजी हवा शिरते तेव्हाही हेच होतं. फुफ्फुसं जुनाट आजारानं फुगलेली असतील, तर दोन्ही बाजूंना आवाज मंद येतो. जाड छाती, भरपूर चरबी, यांनीही तो मंद होतो. तो आजार नव्हे.

म्हणजे द्रव फुफ्फुसाच्या आत भरला तर आवाज वाढतो आणि बाहेर साठला तर घटतो. प्रथमदर्शनी हे उलटसुलट वाटतं. विद्यार्थी हे पाठ करतात आणि परीक्षेत उलटं सांगतात. पण फेस लक्षात ठेवला तर पाठांतर लागत नाही. आत भरलेला द्रव फेस संपवतो, अडथळा काढून टाकतो. बाहेरचा द्रव फेसाच्या पुढे आणखी एक भिंत उभी करतो.

या तपासणीचा खरा उपयोगही इथंच आहे. छातीवर बोटानं टकटक केली, तर भरीव झालेलं फुफ्फुस आणि साठलेलं पाणी, दोन्हीकडे ठस्स असाच आवाज येतो, कारण दोन्हीकडे हवा नाही. निर्णय अडतो. मग ‘एक-एक म्हणा’ म्हणायचं. ठस्स जागेवर शब्द उमटले तर न्यूमोनियासारखं काही, विरून गेले तर पाणी. टकटक आणि आवाज या दोन्हींचा मेळ घालूनच उत्तर निघतं, एकट्या आवाजावरून सहसा नाही. हवा शिरली असेल, तर आवाज घटतो, पण टकटक उलट पोकळ वाजते.

पाणी भरपूर झालेल्या छातीत एकाच बाजूला या सगळ्या गोष्टी एकाखाली एक सापडू शकतात. पेशंट बसलेला आहे, हात छातीपुढे घडी घालून, म्हणजे मागची खांद्याची पाती बाजूला सरकतात आणि ऐकायला जागा मोकळी होते. वर, मानेच्या खाली, नेहमीचं घुमणं. तिथून खाली येत येत एका अरुंद पट्ट्यात अचानक ‘ई’ बेंबाटायला लागतो. हा पाण्याचा वरचा काठ. इथं पाण्यानं दाबल्यामुळे फुफ्फुसातली हवा निघून ते घट्ट झालेलं असतं, पण नलिका उघडी असते. आणखी दोन बोटं खाली सरकलं की आवाज जवळपास बंद. लगेच दुसऱ्या बाजूला त्याच उंचीवर स्टेथोस्कोप ठेवला, की पुन्हा नेहमीचं घुमणं. इगोफोनी ऐकायची तर या काठावरच शोधावी लागते. घाईत चार इंच उडी मारणाऱ्याला ती सापडत नाही.

दुसऱ्या बाजूशी ताडून बघणं हे तर अनिवार्यच. ‘वाढलेला आवाज’ म्हणजे कशापेक्षा वाढलेला? त्याच माणसाच्या दुसऱ्या बाजूपेक्षा. यालाही अपवाद आहेत. उजव्या फुफ्फुसाच्या वरच्या टोकाजवळ आवाज डावीपेक्षा थोडा मोठा येतो, कारण मुख्य श्वासनलिका त्या बाजूला जास्त जवळ असते. पाठीवर दोन्ही पात्यांच्या मधल्या भागातही तो नैसर्गिकपणेच स्पष्ट असतो. हे ठाऊक नसलं की निरोगी माणसाला आजार चिकटवला जातो.

हाच कंप हातानंही तपासतात. तळव्याचा वरचा भाग किंवा करंगळीकडची कड छातीवर टेकवून ‘एक-एक’ म्हणायला लावतात; याला व्होकल फ्रेमिटस म्हणतात. तत्त्व तेच. फक्त हाताला जाडेच सूर कळतात, म्हणून बारीक आवाजाच्या बायकांमध्ये आणि मुलांमध्ये तो निरोगी छातीतही फारसा लागत नाही. डॉक्टर "जरा जाड आवाजात म्हणा" असं सांगतात ते याचसाठी.

या खुणांना दोनशे वर्षांहून अधिक वय झालंय. पॅरिसच्या नेकर रुग्णालयात रने लेनेक यांनी 1816 मध्ये एका तरुण बाईच्या छातीला थेट कान लावणं टाळण्यासाठी कागदाची गुंडाळी केली आणि तिच्यातून हृदयाचे ठोके ऐकले. त्या गुंडाळीची पुढे लाकडी नळी झाली, तोच पहिला स्टेथोस्कोप. नळी हाताशी आल्यावर त्यांनी श्वासाबरोबर पेशंटचं बोलणंही ऐकायला सुरुवात केली. काही क्षयरोग्यांच्या छातीवर एका विशिष्ट जागी शब्द थेट छातीतून नळीत आल्यासारखे वाटायचे. रुग्ण दगावल्यावर शवविच्छेदनात तिथं क्षयानं पोखरलेली पोकळी सापडायची. पेक्टोरिलोक्वी, म्हणजे छातीचं बोलणं, हे नाव त्यांनीच दिलं, शेळीच्या आवाजाचंही त्यांचंच. 1819 मध्ये त्यांनी हे सगळं ग्रंथात मांडलं. 1826 मध्ये ते स्वतः क्षयानंच गेले, वय अवघं 45.

लेनेक यांचा कल एका खुणेला एक आजार जोडण्याकडे होता: शब्द स्पष्ट आले म्हणजे पोकळी. व्हिएन्नाच्या योसेफ श्कोडा यांनी 1839 च्या आपल्या ग्रंथात याला हरकत घेतली. त्यांचं म्हणणं, कानाला आजार ऐकूच येत नाही. ऐकू येते ती आतल्या पदार्थाची भौतिक अवस्था. फुफ्फुस भरीव असेल तरी शब्द स्पष्ट येतील, आणि भरीव होण्याची कारणं अनेक असू शकतात. आजही हीच भूमिका टिकून आहे. ‘व्हीआर वाढलाय’ यावरून न्यूमोनिया, क्षय की गाठ हे ठरत नाही. तिथं हवा नाही आणि तिथवरची वाट उघडी आहे, एवढंच ठरतं.

‘वाट उघडी आहे’ ही अट विसरली की फसगत होते. फुफ्फुसाचा भाग भरीव झालाय, पण त्याची नलिका घट्ट कफानं किंवा गाठीनं बंद झालीय, अशा वेळी आवाज तिथवर पोचतच नाही. टकटक ठस्स, आवाज मंद. चित्र हुबेहूब छातीत पाणी झाल्यासारखं. अशा वेळी सरळ सुई टोचून पाणी काढायला जाणं धोक्याचं. म्हणून पाणी काढण्याआधी आता सोनोग्राफीनं जागा बघतात, आणि ते योग्यच आहे.

या खुणांचं आणखी एक वैगुण्य प्रामाणिकपणे सांगायला हवं. न्यूमोनिया झालेल्या बहुतेक रुग्णांमध्ये इगोफोनी सापडत नाही. भाग लहान असेल, छातीच्या भिंतीपासून खोल असेल, तर आवाज बदलत नाही. त्यामुळे ‘आवाज नेहमीचा आहे’ याचा अर्थ ‘न्यूमोनिया नाही’ असा लावता येत नाही. उलट ती सापडली, तर मात्र शंका बरीच बळावते. पाण्याचंही तसंच, साधारण 300 मिलीलिटरपेक्षा कमी पाणी असेल तर हात-कानाच्या तपासणीला ते सहसा सापडत नाही, सोनोग्राफीला त्याहून कितीतरी कमी दिसतं. एक्स-रे आणि सोनोग्राफी हाताशी असताना एक-एक कशाला, असं तरुण डॉक्टरही विचारतात. मला तो प्रश्न थोडा आळशी वाटतो. एक्स-रे कुणाचा काढायचा, कुणाचा आत्ताच काढायचा, हे ठरवायला खाटेपाशी अर्ध्या मिनिटात फुकट होणारी तपासणी असेल, तर ती सोडायची कशासाठी? आणि सोनोग्राफीचं यंत्र कुठं टेकवायचं हे कान आधीच सांगत असेल, तर काम सोपंच होतं.

पेशंटच्या बाजूनं करण्यासारखं फार नाही, पण जे आहे त्यानं फरक पडतो. प्रत्येक ‘एक’ सारख्याच जोरानं, सारख्याच पट्टीत म्हणायचा. सुरुवातीला खणखणीत आणि दहाव्या एकला कंटाळून पुटपुटलं, की खालच्या भागात आवाज ‘घटलेला’ भासतो, आणि नसलेलं पाणी असल्याची शंका येते. स्टेथोस्कोप कपड्यावरून ठेवू देऊ नये. कापडाची खसखस कुजबुजीसारखीच ऐकू येते. कुजबुजायला सांगितलं तर खरोखर कुजबुजायचं, दबक्या आवाजात बोलायचं नाही. दबक्या आवाजात स्वरतंतू कंप पावतातच, आणि मग परीक्षेला अर्थ उरत नाही. जमलंय की नाही हे घशावर बोट ठेवून कळतं: कंप लागला तर ती कुजबुज नव्हे. घरी स्टेथोस्कोप आणून एकमेकांची छाती ऐकायला हरकत नाही, मजाही येते, पण त्यावरून निदान करू नये. धाप लागत असेल, श्वास घेताना छातीत कळ येत असेल, तर कान न लावता दवाखाना गाठावा.

‘एक’ म्हणताच न येणाऱ्यांचं काय? शस्त्रक्रियेत स्वरयंत्र काढलेला माणूस, घशात नळी घालून यंत्रावर ठेवलेला रुग्ण, यांच्याबाबतीत ही वाट बंदच असते. तिथं श्वासाचे आवाज, टकटक आणि यंत्रं. तान्ह्या बाळांचं मात्र जमतं. तपासणीच्या टेबलावर बाळानं भोकाड पसरलं की आईवडील ओशाळून त्याला गप्प करायला धावतात, पण अनुभवी बालरोगतज्ज्ञ त्यांना थांबवतात. दोन रडण्यांच्या मध्ये बाळ जो मोठा श्वास घेतं तो त्यांना ऐकायचा असतो. आणि खुद्द रडणं चालू असताना, दोन्ही बाजूंना आळीपाळीनं हात आणि स्टेथोस्कोप टेकवून, ते बाळाचं ‘एक-एक’ तपासून घेत असतात.